सोळाव्या वर्षी दाराबाहेर का थांबायचं?

तरुण वयात ज्या संगीताने मला सगळ्यात जास्त घडवलं, ते मला विकायला कोणीही आलेलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या मोठ्या भावाने कुणाकडून तरी भरून आणलेली ती कॅसेट होती, आणि ती भरली गेली होती तीही आधीच भरलेल्या दुसऱ्या कॅसेटवरून. आवाजावर सतत खरखर. गाणारी मुलगी सुरात नव्हती, ड्रम वाजवणारा मध्येच घाई करायचा, एका गाण्याच्या शेवटी कोणीतरी खोकलं होतं आणि ते खोकणं तसंच ठेवून दिलं होतं. पहिल्यांदा ऐकताना ते मला आवडलं असं म्हणता येणार नाही. मी अस्वस्थ झाले. तोवर माझ्या लेखी संगीत म्हणजे वर्षानुवर्षं शिकलेल्या, निवडलेल्या, मान्यता मिळालेल्या माणसांचं काम होतं. इथे कोणीतरी, बहुधा माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनीच मोठं, कुणाचीही परवानगी न मागता उभं राहिलं होतं.

भूमिगत रॉकची, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या रॉक संगीताची, आठवण काढताना बहुतेक जण बंडखोरीबद्दल बोलतात. केस, कपडे, आरडाओरडा, घरच्यांशी भांडणं. ते सगळं होतंच. पण इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हे संगीत टिकलं ते फार साध्या सोयींवर: भाड्याची छोटी खोली, स्वस्तात रेकॉर्ड काढून देणारा कारखाना, पोस्टाने फिरणारी पत्रकं, एखादा हट्टी रेडिओ निवेदक, आणि वय न विचारता आत घेणारं दार. यातल्या पहिल्या चार गोष्टींची जागा आज काही प्रमाणात इंटरनेटने भरून काढली आहे. पाचवीची भरलेली नाही. माझं म्हणणं असं आहे की अल्पवयीन मुलांना छोट्या जागेत, समोरासमोर, अनोळखी संगीत ऐकता येणं ही सार्वजनिक जबाबदारी मानली पाहिजे, आणि त्यासाठी नियम बदलले पाहिजेत, पैसाही दिला पाहिजे.

त्या साध्या सोयींनी काय केलं, याचं माझं आवडतं उदाहरण रेकॉर्डच्या कव्हरवर सापडतं. जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने मित्र आणि घरच्यांकडून सुमारे 500 पौंड उसने घेऊन चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्यांदा फक्त 1000 प्रती. कव्हरच्या मागे प्रत्येक गाण्यापुढे छापलं होतं की हे कितवं ध्वनिमुद्रण आहे आणि त्यावर नंतर काही भर घातली की नाही. म्हणजे गाणं ऐकणाऱ्याला ते कसं तयार झालं हेही सांगितलं होतं. त्याच वर्षी लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’नी पहिली रेकॉर्ड काढली आणि पुढच्या रेकॉर्डच्या कव्हरवर जाहीर केलं की त्या पहिल्या रेकॉर्डला एकूण 153 पौंड खर्च आला. हे सोपं होतं, स्वस्त होतं, जा आणि तुम्हीही करा, असा त्यांचा निरोप होता. 1978 मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ या बँडने तर खर्चाचा तपशीलच कव्हरवर छापला: स्टुडिओचे इतके, छपाईचे इतके.

हे हिशेब वाचताना मला आजही भरून येतं. कलाकार आणि श्रोता यांच्यात जी भिंत असते तिची उंची किती पौंड आहे, ते या मुलांनी लिहून ठेवलं, आणि ज्याला चढायची त्याने चढावी म्हणून खुलं केलं. तोवर व्यावसायिक गुपित मानली जाणारी माहिती त्यांनी फुकट वाटली. एखादी गोष्ट आपल्याला जमणार नाही असं मुलांना का वाटतं? बऱ्याचदा हुशारी कमी पडते म्हणून नाही. ती कुठे करतात, तिला किती पैसे लागतात आणि कोणाला विचारायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून.

पण 1000 प्रती काढल्या तरी त्या पोचवायच्या कशा? तिथेही माणसंच होती. जेफ ट्रॅव्हिसने 1976 मध्ये लंडनमध्ये ‘रफ ट्रेड’ हे रेकॉर्डचं दुकान काढलं. ते पुढे अशा घरगुती रेकॉर्ड देशभर पोचवणाऱ्या जाळ्याचं केंद्र झालं. बीबीसीच्या रेडिओ 1 वर जॉन पील 1967 पासून 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत अनोळखी बँडच्या रेकॉर्ड वाजवत राहिला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेत एका माणसाला स्वतःच्या आवडीने निवड करायची मोकळीक मिळाली, हे इथे विसरू नये. ब्रिटनच्या भूमिगत संगीताचा कणा ज्याला म्हणता येईल, त्याचा एक मोठा मणका बीबीसीसाठी लोकांकडून घेतल्या जाणाऱ्या सरकारमान्य परवाना शुल्कातून आला होता.

अमेरिकेत असा रेडिओ फारसा नव्हता. तिथे विद्यापीठांची छोटी केंद्रं होती आणि मुलांनी स्वतः काढलेली लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्या होत्या. वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’ या शाळकरी मुलांच्या बँडने कार्यक्रमांचे पैसे वाटून न घेता साठवले. 1980 मध्ये बँड मोडला तेव्हा त्या साठवलेल्या पैशांतून, जाता जाता एक रेकॉर्ड काढावी म्हणून, इयन मकाय, जेफ नेल्सन आणि त्यांच्या मित्रांनी ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ सुरू केलं. कव्हरं त्यांनी हातांनी कापली, दुमडली, चिकटवली. ते लेबल आजही आहे.

याच बँडची आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्याच्या अगदी गाभ्याशी आहे. 1980 च्या उन्हाळ्यात ही मुलं कॅलिफोर्नियात वाजवायला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मबुहाय गार्डन्स’ या क्लबमध्ये त्यांच्या वयामुळे अडचण आली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांच्या हातांच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली मारली. म्हणजे यांना दारू द्यायची नाही, बाकी आत राहू द्या. मुलं परत आली आणि वॉशिंग्टनच्या ‘9:30 क्लब’ला म्हणाली, आमच्याही हातावर फुली मारा आणि आम्हाला आत घ्या. पुढे ती फुली दारू न पिणाऱ्या तरुणांची खूण म्हणून जगभर गेली. मला मात्र तिची पहिली कामगिरी जास्त महत्त्वाची वाटते. मुलांनी नियम मोडला नाही, नियमाच्या हेतूला धक्काही लावला नाही. दारू आणि संगीत या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढंच त्यांनी शाईने दाखवून दिलं.

आता ज्या अर्थकारणामुळे ही साधी सोय सगळीकडे होत नाही, ते बघू. छोट्या क्लबमध्ये तिकिटाचे पैसे बहुतांशी बँडकडे जातात आणि जागेचं भाडं, वीज, पगार दारूविक्रीतून निघतात. सोळा वर्षांची मुलगी दारू विकत घेऊ शकत नाही. म्हणजे मालकाच्या दृष्टीने ती जागा अडवणारी आणि वर कायद्याची जोखीम आणणारी ग्राहक. अमेरिकेत 1984 च्या कायद्यानंतर दारूचं वय सर्वत्र एकवीस झालं. त्या कायद्याचा हेतू रस्त्यावरचे अपघात रोखण्याचा होता आणि तो चांगलाच होता. पण जिथे संगीताचा खर्च दारू उचलते, तिथे दारूची वयोमर्यादा आपोआप संगीताची वयोमर्यादा बनते. तसं व्हावं असं कोणीही ठरवलेलं नसतं, पण अठरा वर्षांचा गिटारवादक आपल्याच वयाच्या श्रोत्यांपुढे वाजवू शकत नाही.

सिएटलने याच्याही पुढे पाऊल टाकलं. 1985 मध्ये तिथल्या महापालिकेने तरुणांच्या नृत्य कार्यक्रमांबद्दल एक नियम केला: आयोजकाने दहा लाख डॉलरचा दायित्व विमा काढायचा, ड्युटीवर नसलेले पोलीस पैसे देऊन नेमायचे, आणि वयाची बंधनं काटेकोर पाळायची. कागदावर ही सुरक्षितता होती. प्रत्यक्षात मुलांसाठी छोटे कार्यक्रम करणं जवळजवळ अशक्य झालं. आणि हा नियम लागू असतानाच त्या शहराचं नाव रॉक संगीतामुळे जगभर पोचलं. सप्टेंबर 1991 मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, साऱ्या जगातल्या किशोरवयीन मुलांनी सिएटलचा आवाज उचलला, आणि खुद्द सिएटलमधल्या किशोरवयीन मुलांना तो आवाज छोट्या खोलीत, कायद्याने, ऐकायला मिळणं दुरापास्त होतं.

यावर कोणी म्हणेल, मग नियमाने काय बिघडलं? संगीत तर झालंच ना? झालं, पण कुठे झालं ते पाहा. ‘निर्वाणा’चे 1987 मधले सुरुवातीचे कार्यक्रम घरगुती पार्टीत आणि टकोमा या शेजारच्या शहरातल्या ‘कम्युनिटी वर्ल्ड थिएटर’मध्ये झाले, जिथे सर्व वयांना प्रवेश होता. म्हणजे नियमाच्या हद्दीबाहेर कोणीतरी दार उघडं ठेवलं होतं म्हणून ते झालं. शिवाय जे बँड गाजले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. ज्या मुलीने दारातून परत जाऊन गिटार कपाटात ठेवून दिली, तिची नोंद कुठल्या इतिहासात सापडणार? संगीत झालं म्हणून नियम निरुपद्रवी होता, हा युक्तिवाद मला मान्य नाही. सिएटललाही तो अखेर मान्य झाला नाही. 2002 मध्ये तो नियम बदलला गेला, आणि त्याच्या आदल्या वर्षी महापालिकेच्या मदतीने ‘व्हेरा प्रोजेक्ट’ ही सर्व वयांसाठी खुली, तरुणांच्या सहभागाने चालणारी जागा सुरू झाली. तिथे मुलं ध्वनियंत्रणा हाताळायला शिकतात, कार्यक्रम ठरवतात, पोस्टर छापतात.

या जागेचं नाव आणि कल्पना नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या ‘व्हेरा’ क्लबवरून घेतलेली आहे. तो क्लब स्वयंसेवक चालवतात आणि त्याला सार्वजनिक अनुदान मिळतं. ॲमस्टरडॅमचं ‘पॅराडिसो’ 1968 मध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत, तरुणांचं केंद्र म्हणून, शहराच्या अनुदानावर सुरू झालं. ज्या देशाने आपल्या तरुणांना वाजवायला आणि ऐकायला इमारती दिल्या, तिथे बाहेरचे अनोळखी बँडही वाजवायला येत राहिले.

इथे मला सगळ्यात गंभीर आक्षेपाला उत्तर द्यायचं आहे, कारण तो आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांचा आहे. ते म्हणतात, सरकारचा पैसा आला की ते संगीत भूमिगत कसलं? देणारा उद्या गाण्याचे शब्द तपासेल. ही भीती पोकळ नाही. चेकोस्लोव्हाकियात वाजवण्यासाठी परवाना लागत असे आणि तो देताना सरकार बँडची परीक्षा घेत असे. ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या प्रागच्या बँडचा परवाना 1970 मध्ये गेला. मग ते खेड्यापाड्यांत, लग्नसमारंभाच्या निमित्ताने, मित्रमंडळींत वाजवू लागले. 1976 मध्ये पोलिसांनी धरपकड केली, आणि सप्टेंबरमध्ये त्या वर्तुळातल्या चौघांना आठ ते अठरा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्यांच्या गाण्यांत सत्ता उलथवण्याची हाक नव्हती. माणसं न विचारता एका खोलीत जमत होती, एवढं पुरेसं होतं. त्या खटल्याने हादरलेल्या लेखक-विचारवंतांनी पुढच्या जानेवारीत ‘चार्टर 77’ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला, आणि नाटककार वाट्स्लाव हावेल त्यांच्यापैकी एक होता.

सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, आणि मला ते जास्त शिकवतं. 1981 मध्ये तिथे अधिकृत रॉक क्लब सुरू झाला. केजीबीची नजर होती, आणि गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यावे लागत. ही देखरेख संतापजनक होती. तरीही ‘किनो’, ‘अक्वारियम’ यांसारख्या बँडना मंच मिळाला, प्रेक्षक मिळाले, एकमेकांचं ऐकायला मिळालं. खोलीत किती ताकद असते बघा, पहारेकऱ्यांनी दिलेली खोलीसुद्धा कामी आली. मात्र शब्दांवर शिक्का मारणारा अधिकारी तिथे असण्याचं काहीही कारण नव्हतं.

म्हणून माझी अट स्पष्ट आहे. सार्वजनिक पैसा भिंतींसाठी, छपरासाठी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लागणाऱ्या अस्तरासाठी, विम्यासाठी आणि शेवटच्या गाडीपर्यंत मुलांना सुखरूप पोचवण्यासाठी. त्या भिंतींच्या आत काय वाजेल, त्यावर देणाऱ्याचा शून्य अधिकार.

हा पैसा आणायचा कुठून, याचीही उत्तरं आहेत. फ्रान्समध्ये मनोरंजनपर संगीत कार्यक्रमांच्या तिकिटविक्रीवर 3.5 टक्के कर आहे, आणि तो ‘सांत्र नास्योनाल द ला म्युझिक’ या 2020 मध्ये सुरू झालेल्या संस्थेमार्फत पुन्हा संगीत क्षेत्रात वळवला जातो. ब्रिटनमध्ये छोट्या जागांसाठी झटणाऱ्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ने नोंदवलं की एकट्या 2023 मध्ये अशा 125 जागा संगीताच्या नकाशावरून गेल्या, आणि उरलेल्यांचा सरासरी नफा जेमतेम 0.5 टक्के होता. मे 2024 मध्ये तिथल्या संसदीय समितीने शिफारस केली की मोठ्या स्टेडियमच्या तिकिटावर अधिभार घेऊन तो छोट्या जागांना द्यावा. सरकारने तो ऐच्छिक ठेवला. मला तो सक्तीचा हवा आहे. आज स्टेडियम भरणारा जवळपास प्रत्येक बँड कधीतरी शंभर माणसांच्या खोलीत वाजवून मोठा झाला आहे. त्या खोलीचं भाडं स्टेडियमने भरावं यात दानधर्म काहीच नाही.

पैशाइतकाच आवाजाच्या तक्रारींचा नियम महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षं चाललेल्या क्लबशेजारी नवी इमारत उभी राहते, रहिवासी तक्रार करतात आणि क्लब बंद होतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये ठरवलं की नंतर आलेल्याने आवाज अडवण्याची व्यवस्था करायची. इंग्लंडने 2018 मध्ये हेच तत्त्व नियोजनाच्या चौकटीत घेतलं. इतका साधा न्याय सगळीकडे का नसावा, हे मला कळत नाही.

पालकांची काळजी मी हलक्यात घेत नाही. भूमिगत रॉकच्या जागा निरागस नव्हत्या. मंचापुढच्या गर्दीत मुली चेंगरल्या जात, धक्के खात, मागे ढकलल्या जात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बिकिनी किल’ या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे यायला आणि मुलग्यांना मागे सरायला सांगू लागली, ते याच अनुभवातून. मला ती गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा वाटलं, हे इतकं साधं आहे आणि कोणालाच सुचलं कसं नव्हतं! कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये 1986 च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘924 गिलमन स्ट्रीट’ या जागेने दारातच नियम लावले: दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, हिंसा नाही, वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष नाही. सगळं काम स्वयंसेवकांचं, प्रवेश सर्व वयांना. दार बंद केलं की मुलं सुरक्षित होतात हा समज मला खोटा वाटतो. ती कुठल्यातरी तळघरात किंवा ओसाड गोदामात जमतात, जिथे आग लागली तर बाहेर पडायला दुसरा दरवाजा नसतो. उघड्या, उजेडाच्या, नियम असलेल्या जागेत ती जास्त सुरक्षित असतात.

आणि आता सगळं फोनवर मिळतं, या उत्तराबद्दल. मिळतं, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या मुलीला कॅसेट आणून देणारं कोणी नाही, तिलाही आज 1977 ची कुठलीशी हरवलेली रेकॉर्ड ऐकता येते. पण ते यंत्र पूर्वीच्या ऐकण्यावरून पुढचं सुचवतं, आणि मला घडवलेलं संगीत माझ्या पूर्वीच्या ऐकण्याशी कुठेच जुळत नव्हतं. शिवाय 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षभरात 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. ‘स्पायरल स्क्रॅच’च्या पहिल्या खेपेच्या प्रती नेमक्या तितक्याच होत्या. आज तेवढ्याच लोकांनी एखादं गाणं एकेकदा ऐकलं तर ते जेमतेम त्या रेषेवर पोचेल. फोन ऐकणारा तयार करतो. वाजवणारा तयार व्हायला आपल्याच वयाचं कोणीतरी दहा फुटांवर चुकताना, तार तुटल्यावर हसताना आणि पुन्हा सुरू करताना दिसावं लागतं.

म्हणून कुठल्याही शहरात सांस्कृतिक धोरण ठरताना, भव्य नाट्यगृहं आणि महोत्सवांच्या आधी, मी तीन प्रश्न विचारेन. या शहरात अशी एक तरी खोली आहे का, जिथे अल्पवयीन मुलं हातावर फुली मारून का होईना, रात्री गाणं ऐकायला जाऊ शकतात? तिचं भाडं दारूविक्रीशिवाय निघेल अशी सोय केली आहे का? आणि तिथे कोण वाजवणार हे ठरवणाऱ्यांत वीस वर्षांखालचं कोणी आहे का? उत्तर नाही असेल, तर पुढच्या अंदाजपत्रकात त्या खोलीसाठी रक्कम धरायला सांगा, आणि ती धरली जाईपर्यंत मागत राहा.